ठोके मंद, पण दुखणं श्वासाचं

बाळ बाहेर आलं, पण रडलं नाही. नर्स त्याला कोरड्या फडक्याने पुसते, पाठ चोळते, तळव्यांना टिचक्या मारते. तरीही श्वास सुरू होत नाही. मग मास्क लावून हाताने दाबायच्या अंबू बॅगेने हवा द्यायची आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजायचे. मिनिटभर मोजत बसायला वेळ नसतो. सहा सेकंद मोजायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. तेरा ठोके आले तर १३०, म्हणजे उत्तम. आठ आले तर ८०, म्हणजे हवा देणं थांबवायचं नाही. पाचच आले तर ५०, आणि पाच ठोक्यांचं बाळ मृत्यूच्या दाराशी आलेलं असतं.

मोठ्या माणसाची नाडी ७० असली की आपण निश्चिंत असतो. जन्मल्या बाळाची साधारण ११० ते १६० असते. १०० च्या खाली गेली की ती मंद धरतात आणि ६० च्या खाली गेली की प्राणावर बेतलेलं असतं. एरवी निरोगी असलेलं, दिवस पूर्ण भरलेलं बाळ गाढ झोपेत ८०-९० पर्यंत उतरतं, ते मात्र चालतं. अंग गुलाबी असेल, उठवल्यावर हातपाय हलवत असेल, दूध ओढत असेल तर काळजी नको. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत. मोठ्यांचा तो चिमटा बाळाच्या बोटाला लावून घाबरून जाऊ नये, त्यावरचा आकडा बाळासाठी भरवशाचा नसतो.

ठोके मंदावले म्हणजे हृदय बिघडलं, असं आपल्या मनात येतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरंही असतं. नवजात बाळाच्या बाबतीत बहुतेक वेळा खोट फुप्फुसात असते. पोटात असताना त्याला वारेतून प्राणवायू मिळत होता आणि फुप्फुसं द्रवाने भरलेली होती. जन्माबरोबर तो पुरवठा तुटतो आणि पहिल्या काही श्वासांत फुप्फुसं उघडावी लागतात. ती उघडली नाहीत तर रक्तातला प्राणवायू घसरतो. त्याची खबर मेंदूला लागते आणि व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवर घालतो. त्यानंतर खुद्द हृदयाच्या स्नायूलाच प्राणवायू कमी पडू लागतो. बाळाच्या हृदयाला दर ठोक्याला जास्त रक्त ढकलणं फारसं जमत नाही. त्यामुळे ठोके कमी झाले की मेंदूकडे जाणारं रक्तही तेवढंच आटतं.

म्हणूनच इथे पहिलं औषध हवा हे आहे. हनुवटी किंचित वर, मान ना फार मागे ना पुढे वाकलेली, मास्क नाकातोंडावर घट्ट, आणि मिनिटाला ४० ते ६० वेळा बॅग दाबायची. छाती हलकेच उचलली गेली पाहिजे. ती उचलली जात नसेल तर मास्कच्या कडेने हवा निसटते आहे, किंवा मान चुकली आहे. एवढं नीट झालं की बहुतेक बाळांचे ठोके अर्ध्या-पाऊण मिनिटात चढू लागतात. ३० सेकंद चांगली हवा देऊनही ते ६० च्या खालीच राहिले तरच छाती दाबायची. दोन अंगठ्यांनी, छातीच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत, तीनदा दाबून एक श्वास. त्यानंतरही जमलं नाही तर नाळेच्या शिरेतून ॲड्रेनलिन. छाती दाबण्याची पाळी हजारात जेमतेम एखाद-दुसऱ्या बाळावर येते. हवा देण्याची पाळी शंभरातल्या साधारण पाचांवर. प्रशिक्षणात मात्र सगळ्यांचं लक्ष छाती दाबण्याकडे आणि इंजेक्शनकडे असतं. मास्क घट्ट बसवणं कुणाला थरारक वाटत नाही, आणि चुकतं तेच.

घशात खोलवर नळी घालून द्रव ओढत राहण्याची जुनी सवयही अजून पुरती सुटलेली नाही. त्या नळीने व्हेगस चाळवतो आणि चांगले चाललेले ठोके खाली येतात. तोंडात द्रव अडकून श्वास अडत असेल तरच ती वापरायची.

प्राणवायूचं नळकांडं नसलं तर? दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टाड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुदमरलेल्या बाळांना शुद्ध प्राणवायूऐवजी खोलीतली साधी हवा दिली आणि तीही पुरेशी ठरते असं दाखवलं. २०१० पासून दिवस भरलेल्या बाळाला साध्या हवेनेच सुरुवात करायची हा जगभरचा शिरस्ता झाला.

दादरा-नगर हवेलीतल्या खडोलीसारख्या गावाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. सिल्वासात विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण गाडी कितीही वेगाने निघाली तरी एका मिनिटात पोहोचत नाही, आणि न रडलेल्या बाळाला हवा सुरू करायला हाताशी असतं ते एवढंच मिनिट. प्रसूती जिथे होते तिथेच बॅग आणि ती चालवणारा हात हवा.

असा हात गावात तयार होतो का, याचं उत्तर गडचिरोलीत मिळालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत घडवले. त्या गावच्याच बाया, शिक्षण बेताचं. सुरुवातीला सुइणी तोंडाने फुंकर घालत. १९९६ पासून आरोग्यदूतांच्या हाती नळीला जोडलेला मास्क आला, १९९९ पासून बॅग-मास्क. श्वास बघायचा आणि हवा द्यायची, एवढं काम. जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं, ऊब, स्तनपान यांच्या जोडीने हे सगळं केल्यावर तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असं ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली छापून आलं. आशाताई आज घरी येऊन बाळ तपासतात, त्याची मुळं या कामात आहेत.

सगळेच मंद ठोके हवेने सुधारत नाहीत, हेही सांगायला हवं. कमी दिवसांची बाळं मधूनच श्वास विसरतात आणि ठोके उतरतात. त्यांना कॅफीन देतात, होय, चहा-कॉफीतलंच. शिवाय आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवतात. अंग गार पडलं तरी ठोके मंदावतात. क्वचित आईच्या रक्तातली ‘अँटी-रो’ प्रतिद्रव्यं गर्भाच्या हृदयातली विजेची वाटच तोडतात. आईला स्वतःला काही त्रास जाणवतोच असं नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफीत ठोके सतत ६०-७० दिसले तर हे तपासावं लागतं. जन्मानंतर ते ५५ च्याही खाली राहिले तर इवल्याशा पेसमेकरची गरज पडते.

म्हणून प्रसूतीसाठी नाव नोंदवायला जाल तेव्हा विचारा: टेबलाजवळ बाळाच्या मापाचा मास्क आणि बॅग आहे का, आणि त्या वेळी ती चालवणारं कोण असेल? विचारायला संकोच नको. बाळाला पाय धरून उलटं लटकवू देऊ नका, थंड पाणी मारू देऊ नका. घरी आल्यावर बाळ निपचित पडलं, दूध ओढेना, ओठ निळे पडले किंवा श्वास थांबून थांबून येऊ लागला तर ठोके मोजत बसू नका. छातीशी उबेत धरून १०८ ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात नेणं आणि तिथले उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत.