किब्ल्याचा कोन आणि पायथॉनची एक खोड

वर्ध्याला आमच्या नव्या खोलीत फरशी बसत होती. मिस्त्री म्हणाला, "सर, नमाजच्या पट्टीची लाइन कुठे धरू?" आपल्याकडे सवयीने सरळ पश्चिम धरतात. अकरावीतली मुलगी म्हणाली, "अब्बू, थांबा, मोजून सांगते." तिने पायथॉन उघडले. त्यात 'मॅथ' ही लायब्ररी आयतीच असते. साइन, कोसाइन, टॅन सगळे तिच्यात.

वर्धा 20.75 अंश उत्तर, 78.6 पूर्व. काबा 21.42 उत्तर, 39.83 पूर्व. सूत्र घातले आणि उत्तर आले: पश्चिमेपासून 15 अंश दक्षिणेकडे. उत्तर वेडेवाकडे आले असते तर लगेच कळले असते. हे पटण्यासारखे दिसत होते, आणि मिस्त्री दोरी घेऊन उभाच होता. मला एवढेच खटकले की मक्का वर्ध्यापेक्षा किंचित उत्तरेला, मग किब्ला दक्षिणेकडे कसा?

चूक सापडली. ही लायब्ररी कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये घेते. तिला साइन 30 विचारा. अर्धा येत नाही, उणे 0.988 येते. कोन आधी 'रेडियन्स'मधून काढायचे आणि शेवटचे उत्तर 'डिग्रीज'मधून. मुलगी शेवटचे विसरली नव्हती, पहिले विसरली होती. दुरुस्त केल्यावर आले: पश्चिमेपासून 8.2 अंश उत्तरेकडे. अक्षांशांत फरक पाऊण अंशाहूनही कमी, तरी 8 अंश का? शाळेतल्या पृथ्वीगोलावर वर्धा ते मक्का दोरा ताणून पाहा. तो सुरुवातीला उत्तरेकडे वर चढतो.

अल-बिरूनीने 1025 च्या सुमारास गझनीचा किब्ला अशाच त्रिकोणमितीने, हाताने आकडेमोड करून काढला होता. 'साइन' शब्दाचा प्रवासही गमतीचा आहे. संस्कृत 'ज्या' अरबीत 'जीबा' झाली, तो शब्द पुढे 'जैब' असा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर 'सायनस' झाले. उर्दूतली आपली खिशाची 'जेब' लिहायला अगदी तशीच!

अम्मींना वेगळीच काळजी. "मग इतक्या वर्षांच्या नमाजांचे काय?" हनफी फिक्हनुसार काब्यापासून दूर असणाऱ्यांना दिशा पुरेशी असते, 45 अंशांच्या आत फरक चालतो, हे सांगितल्यावर त्या निवांत झाल्या.

पट्टी 8 अंशांवर बसली. आता 28 मे रोजी दुपारी 2.48 ला सूर्य काब्याच्या डोक्यावर असेल, तेव्हा अंगणात काठी उभी करून ताडून पाहणार आहोत. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे, तो किब्ला. हाच योग 16 जुलैला 2.57 वाजता पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.