शिक्षा संपते कोठे?

मुदत भरली की कैदी सुटतो, असे कायदा सांगतो. येरवड्याच्या कारागृहाबाहेर माणूस पाऊल टाकतो तेव्हा स्वतःचे जुने कपडे, मजुरीतून उरलेली थोडी शिल्लक आणि गावापर्यंतचे भाडे, एवढाच ऐवज बहुधा त्याच्यापाशी असतो. न्यायासनाचा आणि त्याचा हिशेब त्या क्षणी चुकता झालेला असतो. समाजाचा हिशेब मात्र त्याच क्षणी उघडतो. आज रात्री निजायचे कोठे आणि उद्या काम मागायचे कोणाच्या दारी, ह्या दोन साध्या प्रश्नांना आमच्या ह्या विद्यासंपन्न शहरापाशी उत्तर नाही.

प्रामाणिक माणसाला जेथे नोकरी मिळत नाही तेथे गुन्हेगाराची एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. आक्षेप वरवर पटणारा आहे. पण तुरुंगात जातो तो प्रत्येक जण गुन्हेगार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. १९२२ सालचे नव्हे, २०२२ अखेरचे सरकारी आकडे पाहा. देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता! ह्यांतला जो पुढे निर्दोष ठरेल त्याची खोली तोवर गेलेली असते, हातगाडीची जागा दुसऱ्याने धरलेली असते, आणि ‘आत जाऊन आलेला’ ही पदवी त्याला कायमची चिकटलेली असते. ज्याला शिक्षाच झाली नाही त्याची शिक्षा संपावी तरी कशी?

ज्याच्या हातून खरोखर अपराध घडला त्याच्याविषयीही महाराष्ट्राने अंधारात चाचपडण्याचे कारण नाही. औंध संस्थानच्या अधिपतींनी मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश गृहस्थाच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणारी माणसे तेथे भिंतीवाचून राहिली, बायकामुलांसह संसार करू लागली, शेती पिकवू लागली. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या १९५७ च्या चित्रपटाला आधार ह्याच प्रयोगाचा. तो चित्रपट पाहून डोळे पुसले नाहीत असे घर त्या काळी विरळा. मात्र डोळे पुसणाऱ्या त्याच घरांनी सुटून आलेल्या माणसाला खोली भाड्याने दिली काय, असे विचारले तर खाली मान घालावी लागेल. स्वतंत्रपुरात जी जादू दिसली ती उपदेशाची नव्हती. कसायला जमीन होती, जवळ कुटुंब होते, आणि ‘हा पळून जाईल’ असे धरून न चालणारा एक अधिकारी होता. सुटकेनंतर नेमक्या ह्याच तीन गोष्टी हरपतात.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाने, ज्यांना तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले जाते, त्यांच्या माथ्यावरील अपात्रतेचा डाग पुसला. बालकांना असेच संरक्षण २०१५ च्या कायद्याने दिले. परंतु शिक्षा भोगून आलेल्या प्रौढाला? इंग्लंडात १९७४ च्या कायद्यानुसार ठराविक काळ निर्दोष वागल्यावर बहुतेक लहान शिक्षा सांगण्याचे बंधन सरते. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. १९८० साली नेमलेल्या मुल्ला समितीने सुटकेनंतरच्या आधाराची निकड सांगितली. केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह अधिनियमातही पुनर्वसनाची भाषा आहे. पण कारागृहे हा राज्यांचा विषय. राज्याने तो मसुदा उचलला नाही, तर आदर्श कागदावरच शोभून दिसायचा.

मग नागरिकांनी सरकारची वाट पाहत बसावे काय? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ ह्या उपक्रमाने १९९० पासून दाखविलेली वाट फार खर्चाची नाही. तेथील समाजकार्यकर्ते कैदी आत असतानाच त्याला गाठतात, घरच्यांशी तुटलेला धागा जुळवतात, आणि सुटल्यावर एखाद्या सेवाभावी संस्थेत विद्यावेतनावर उमेदवारी मिळवून देतात. ह्या उमेदवारीचे मोल आम्हांस विशेष वाटते. काही महिने वेळेवर कामावर आलेल्या माणसाविषयी चार शब्द लिहून देणारा कोणी तरी भेटतो, आणि पुढच्या दारी तेच चार शब्द कामी येतात. एखादा छापखाना, एखादी खानावळ, एखादी वखार एवढे करू शकणार नाही काय? आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत मात्र वाहनतळावर दोन तास वाद रंगतो, आणि अशा भाडेकरूचे नाव निघताच ठराव एका मिनिटात, एकमताने नामंजूर होतो.

दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी आम्ही आमचेही पाहिले पाहिजे. आरोपीला अटक झाली की त्याचे नाव, गाव, आळी आम्ही ठळक टाइपात छापतो. दोनचार वर्षांनी तो निर्दोष सुटला तर ती बातमी आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी जागा उरल्यास येते. बहुधा येतच नाही. त्या माणसाच्या जुन्या मालकाने अटकेचे कात्रण जपून ठेवलेले असते, सुटकेचे त्याला कोठून मिळणार? ज्याच्या अटकेची बातमी आमच्या ह्या पत्रात आली आहे आणि जो पुढे निर्दोष ठरला आहे, त्याने निकालाची प्रत घेऊन आमच्या कचेरीत यावे. ज्या पानावर अटक छापली त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात, आम्ही सुटका छापू.