वीतभर लांबीचे डिझेल एंजिन

पत्र्याच्या आगगाड्या पुष्कळ घरांतून मुलांच्या हाती पडतात आणि आठवड्याच्या आत त्यांची चाके निखळतात. आम्ही येथे ज्या गाडीविषयी लिहीत आहोत, ती मात्र कपाटात जपून ठेवण्याच्या जातीची आहे. खऱ्या एंजिनाच्या मापांना ८७ ने भागून तिचा सांगाडा बनविलेला असतो. तिचा रंग, तिच्यावरचे आकडे, फार काय तिच्यावरची धूळसुद्धा खरी वाटावी म्हणून चांगली पोक्त माणसे रात्री जागवितात.

इंदूरकरांना या छंदासाठी विषय दूर शोधावयास नको. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले आणि १८७८ च्या आरंभी खांडव्याहून इंदूरपर्यंत मीटरगेजची गाडी येऊ लागली. पाताळपाणी व कालाकुंड यांमधील सुमारे दहा किलोमीटरांत हा मार्ग विंध्याचा घाट उतरतो. तेथे चढ चाळिसास एक असा आहे. वाफेच्या एंजिनांनंतर या घाटात वायडीएम-४ जातीची डिझेल एंजिने आली. मूळ आराखडा अमेरिकेतील अल्को कंपनीचा. १९६८ पासून ती वाराणसीच्या कारखान्यातही बांधली जाऊ लागली. ताकद सुमारे १,४०० अश्वशक्ती, वजन ७२ टन. त्यांचा मुक्काम महूच्या शेडमध्ये असे. पुढे ब्रॉडगेजच्या कामासाठी २०२३ साली महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज गाडी बंद झाली. घाटाचा तुकडा तेवढा २०१८ च्या २५ डिसेंबरला सुरू झालेल्या पर्यटकांच्या गाडीसाठी राखला गेला. ज्यांच्या वडिलांची किंवा आजोबांची हयात या मार्गावरील नोकरीत गेली, त्यांना हे एंजिन घरात असावेसे वाटले तर त्यात नवल नाही.

मापाच्या बाबतीत मीटरगेजवाल्याचे नशीब चांगले आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांतील अंतर ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून किंचित अधिक येते, परंतु बाजारात मिळणारे छोटे रूळ १६.५ मिलिमीटरांचे, परदेशी मापाचे असतात. त्यामुळे आपल्या मोठ्या एंजिनांचे नमुने अरुंद रुळांवर उभे राहतात. मीटरगेजचा हिशेब साडेअकरा मिलिमीटरांचा, आणि बारा मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. एंजिन स्वतः वीतभरही भरत नाही. मात्र त्याच्या तोंडाशी ब्रॉडगेजप्रमाणे दोन बफर लावले की सारे फुकट! मीटरगेजला बफर एकच, आणि तो मधोमध असतो.

खरी अडचण रंग निवडताना येते. वडील सांगतात एक रंग, काका सांगतात दुसरा, आणि दोघेही खरे बोलत असतात. कारण मोठ्या दुरुस्तीस गेलेले एंजिन पुष्कळदा नवा रंग लेवून परतते. म्हणून आमचे मत असे की, नमुना करणाऱ्याने प्रथम एक विशिष्ट एंजिन व एक विशिष्ट साल ठरवावे, त्या सालचे छायाचित्र मिळवावे आणि मगच कुंचल्यास हात घालावा. सर्व आठवणी एकाच पत्र्यावर उतरवू पाहणारा जे एंजिन रंगवितो, ते कधी कोणत्याही शेडमध्ये नव्हते.

रंगविण्यापूर्वी सांगाडा कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने धुवावा. साच्यातील तेलकटपणा राहिला तर रंग सालीसारखा निघतो. कठड्यांसाठी अर्ध्या मिलिमीटराहून बारीक पितळी तार घ्यावी. त्यावर करड्या प्रायमरचा हात, मग फिकट रंग, तो पुरता वाळल्यावर चिकटपट्टी लावून गडद रंग, असा क्रम ठेवावा. रंग पातळ असावा. दशांश मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या एंजिनावर जवळजवळ नऊ मिलिमीटरांचा होईल. पत्र्यावरचे खिळे अशा लेपाखाली बुजून जातात. डब्यातील रंगात थेंबभर पांढरा मिसळावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग अधिक काळपट दिसतो. आकड्यांचे छाप पाण्यात भिजवून बसवितात. त्यांच्याखाली चकचकीत व्हार्निशचा हात हवा, नाहीतर कडेने हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. क्रमांक चार आकड्यांचा व ६ ने सुरू होणारा असतो.

येथवरचे काम कोणीही चिकाटीने शिकेल. कस लागतो तो मळविण्यात. घाटाचे एंजिन कसे मळते याचा विचार केल्यावाचून त्याला हात लावू नये. उतारावर ब्रेक सतत आवळलेले असतात. बिडाच्या ठोकळ्यांचा कीस उडून चाकांवर व बोग्यांवर बसतो आणि गंजून तपकिरी होतो. तेव्हा खालचा भाग तांबूस तपकिरी हवा, निव्वळ काळा दिसता कामा नये. चढावर अल्कोचा धूर तर प्रसिद्धच. धुरांड्याभोवती व छपराच्या मागल्या अंगाला मऊ काजळी हवी, आणि तीसाठी खडूची काळी भुकटी कोरड्या कुंचल्याने चोपडणे पुरे. जाळ्यांच्या खोबणींत काळपट तपकिरी पाणी सोडून वरचेवर पुसून घ्यावे. जेथे चालकाचा हात रोज पडतो तो कठडा मात्र स्वच्छ राहतो, आणि ही एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खाण्यासाठी जे कधी उतरले असतील, त्यांनी हे सर्व फलाटावरून पाहिलेले आहे, फक्त नजर कलाकंदावर असे! हौशी हात बहुधा अति करतात व एंजिन भंगारातून आणल्यासारखे दिसू लागते. प्रत्येक थरानंतर ते हातभर दूर ठेवून एक दिवस तसेच राहू द्यावे.

शेवटी मंद झाकेचे व्हार्निश. त्याने काचा धुरकटतात, म्हणून खिडक्या त्यानंतरच बसवाव्यात. आणि कॅबमध्ये चालक ठेवावयाचा असेल तर तो काचांच्या आधी ठेवावा. मागाहून आत चिमटाही जात नाही.