हाकेला ओ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. म्हणून शहापूरच्या घरी वायफाय स्पीकर मुका झाला, तेव्हा सर्वांनी माझ्याकडेच पाहिले. दृष्टी अधू झालेल्या आजीला त्यातल्या भजनांचाच आधार. मी पडलो कलाशाखेचा! तरी 'पिंग' वापरून पाहिले. १९८३ मध्ये माइक मूस यांनी लिहिलेली ही आज्ञावली यंत्राला हाक मारते; ओ यायला किती मिलिसेकंद लागले, ते सांगते. राऊटरने ओ दिली, बाहेरच्या सर्व्हरनेही दिली. स्पीकरने मात्र नाही. म्हणजे इंटरनेट ठीक होते. पाहतो तर स्पीकर तांदळाच्या लोखंडी कोठीमागे! धातू रेडिओलहरी अडवतो. तो पुढे आणताच ओ आली, भजन सुरू झाले. आजी एवढेच म्हणाली, "शिकलास रे बापू!"