घोड्याचा गुण, माणसाचा गुण

दोस्तांनो, ‘सद्‌गुणी मूल’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? मुकाट्यानं ऐकणारं, कधी मस्ती न करणारं, हो ना? प्राचीन ग्रीक लोकांचं उत्तर मात्र वेगळं होतं, बरं का!

त्यांचा शब्द होता ‘अरेटे’. आपण त्याला सद्‌गुण म्हणतो. पण खरा अर्थ उत्तमपणा. ज्याचं जे काम, ते उत्तम करण्याची ताकद! सुरीची अरेटे म्हणजे झटकन कापणं. घोड्याची? वेगानं धावणं, स्वाराला नीट नेणं आणि समोर शत्रू आला तरी न बिचकणं.

मग माणसाची अरेटे कोणती? होमरच्या ‘इलियड’मधले वीर म्हणाले असते, रणांगणावरचा पराक्रम. पुढे अॅरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) या तत्त्वज्ञानं यावर खोल विचार केला. झाडं वाढतात, प्राण्यांना सुखदुःख कळतं. पण विचार करणं हे माणसाचं खास काम. म्हणून विचारपूर्वक, चांगलं जगणं हीच माणसाची अरेटे!

ती जन्मतः मिळत नाही. घरं बांधूनच माणूस गवंडी होतो, तसं धीरानं वागून वागूनच धीट होतो. पण गंमत बघा, वाद्य चुकीचं वाजवत राहिलं तर वादक वाईटच होणार! सवयीचंही तसंच. म्हणूनच लहानपणीच्या सवयींना तो फार मोल देई.

धीट म्हणजे किती धीट? भित्रेपणा आणि आंधळं धाडस यांच्या मधलं. हा ‘मध्य’ सगळ्यांचा सारखा नसतो. इथे तो मिलो या नामांकित पहिलवानाचं उदाहरण देतो. जे जेवण मिलोला कमी पडेल, तेच व्यायामाला नुकती सुरुवात करणाऱ्याला जास्त होईल!

अर्थात, स्त्रिया आणि गुलाम यांना अॅरिस्टॉटल कमी लेखत असे. ही त्याची मोठी चूक. उत्तम होण्याची वाट सर्वांनाच खुली हवी.

तेव्हा आई-बाबांनो, शेजारच्या मुलाच्या मापानं आपल्या मुलाला मोजू नका. आणि दोस्तांनो, वर्गात नवीन आलेल्या मुलाला सगळे चिडवत असतील, तर आज तुम्ही काय कराल? गप्प बसाल, मारामारी कराल, की त्याच्या शेजारी जाऊन बसाल? विचार करा. सवय तिथूनच सुरू होते!