रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमातील जाहिराती : वगळणारे यंत्र आणि नेटवर्कची उत्तरे

मोबाईलवर व्हिडिओ पाहताना पाच सेकंदांनी दिसणारे 'स्किप'चे बटण तुम्ही रोज दाबता. ते बटण व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीनेच दिलेले असते. काय वगळू द्यायचे आणि किती सेकंदांनी, हे तिने आधीच ठरवलेले असते. या पाठात आपण याच्या उलट प्रकरण पाहणार आहोत. प्रेक्षकाच्या घरातले यंत्र प्रसारकाला न विचारता जाहिराती गाळू लागले, तेव्हा काय घडले? प्रकरण अमेरिकेतले आहे. तिथे एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही चार मोठी नेटवर्क आहेत. तासाभराच्या मालिकेत प्रत्यक्ष मालिका साधारण ४२ ते ४४ मिनिटांची असते आणि उरलेला बहुतेक वेळ विकला जातो. नेटवर्कचे मुख्य उत्पन्न म्हणजे तो विकलेला वेळ.

सुरुवात व्हिडिओ कॅसेटपासून करावी लागते. सोनीच्या बेटामॅक्स रेकॉर्डरविरुद्ध युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांनी १९७६ मध्ये दावा लावला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा कॉपीराइटचा भंग नाही. जाहिराती गाळण्याचा मुद्दाही त्या खटल्यात आला होता, पण त्याला फारसे वजन मिळाले नाही. कारण कॅसेट पुढे पळवायची आणि जाहिरात कुठे संपली याचा अंदाज करायचा, हे कंटाळवाणे काम होते. आता हाच अंदाज यंत्राने केला तर?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा भाग आवडेल. पारंपरिक प्रसारणात दोन जाहिरातींच्या मध्ये काही चौकटी पूर्ण काळ्या असत आणि त्याच क्षणी आवाजही शून्याजवळ जात असे. यंत्राने प्रत्येक चौकटीची सरासरी प्रकाशमानता आणि आवाजाची पातळी मोजायची. दोन्ही एकाच वेळी ठरावीक पातळीखाली गेल्या, की तिथे खूण करायची. पण मालिकेत रात्रीचा शांत प्रसंग आला तरीही खूण पडते! म्हणून दुसरी कसोटी लागते, ती अंतराची. अमेरिकेत जाहिराती बहुधा १५, ३० किंवा ६० सेकंदांच्या असतात. समजा १२ मिनिटे १० सेकंदांवर एक खूण आहे आणि पुढच्या खुणा १२:४०, १३:१०, १३:२५ आणि १३:५५ वर आहेत. ही अंतरे ३०, ३०, १५ आणि ३० सेकंदांची आहेत, म्हणजे हा ब्रेकच असणार. कथेतला अंधार असा घड्याळ लावून येत नाही. तिसरी कसोटी वाहिनीच्या लोगोची : कोपऱ्यातला लोगो गेला की ब्रेक, परत आला की कार्यक्रम.

येथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नाही. एखादी जाहिरात राहून गेली तर प्रेक्षक कुरकुरतो, पण कथेतला अर्धा मिनिट गाळला गेला तर तो ती सोय कायमची बंद करतो. म्हणून उंबरठा ठरवताना शंका आली की 'हा कार्यक्रमच आहे' असे धरावे लागते.

१९९९ मध्ये हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारी दोन यंत्रे बाजारात आली, टिवो आणि रिप्लेटीव्ही. टिवोने सबुरीने घेतले. ३० सेकंद उडी मारण्याची सोय त्यात होती, पण रिमोटवर गुप्त क्रमाने बटणे दाबल्यावरच ती चालू होत असे. रिप्लेटीव्हीने २००१ च्या ४००० मालिकेत जाहिराती आपोआप गाळण्याची सोय उघडपणे दिली आणि लगेच नेटवर्क व स्टुडिओंचा दावा ओढवून घेतला. तिची मालक कंपनी सॉनिकब्लू २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, नव्या मालकाने ती सोय काढून टाकली आणि कायद्याचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. याच काळात, २००२ मध्ये, टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी एका मुलाखतीत जाहिराती गाळणे म्हणजे चोरी असल्याचे म्हटले. मग ब्रेकमध्ये स्वच्छतागृहात जाणाऱ्याचे काय? तेवढी थोडी सवलत असावी, असे त्यांचे उत्तर होते. हे सांगितले की वर्गात हशा पिकतो, पण त्यांच्या बोलण्यातला प्रश्न खोटा नव्हता. फुकट कार्यक्रमाचे पैसे कोणी तरी द्यायचेच असतात.

खरी लढाई २०१२ मध्ये झाली. डिश ही तिथली उपग्रह टीव्ही कंपनी. तिच्या 'हॉपर' सेट-टॉप बॉक्समध्ये एक सोय चालू केली, की चारही नेटवर्कचे रात्रीच्या मुख्य वेळेतले सर्व कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होत. मे महिन्यात त्यात 'ऑटोहॉप' आले. रेकॉर्डिंग लावले की ब्रेकची पहिली व शेवटची काही सेकंदे दिसत, कोपऱ्यात लाल कांगारू येई आणि मधला भाग उडी मारून संपे. गंमत म्हणजे यात वर सांगितलेले गणित नव्हतेच. वायोमिंग राज्यात डिशची माणसे रोज रात्री कार्यक्रम पाहून ब्रेकची सुरुवात आणि शेवट हाताने नोंदवत. ती वेळांची छोटी फाईल उपग्रहावरून घरोघरी जाई. मूळ रेकॉर्डिंगला हात लागत नसे. लाखो बॉक्सनी स्वतंत्रपणे अंदाज करण्यापेक्षा चार माणसांनी एकदा नीट पाहणे स्वस्त आणि अचूक पडते, हा धडा संगणकाच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळतो.

फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी न्यायालयात गेले. जुलै २०१३ मध्ये अपील न्यायालयाने फॉक्सला तात्पुरती मनाई देण्यास नकार दिला. त्यातला युक्तिवाद साधा आहे. प्रत कोण काढतो? बटण दाबून सोय चालू करणारा ग्राहक. आणि जाहिराती गाळल्याने फॉक्सच्या कॉपीराइटला धक्का बसतो का? नाही, कारण फॉक्सची मालकी कार्यक्रमांवर आहे, जाहिरातींवर नाही. डिशने खुणा तपासण्यासाठी स्वतः काढलेल्या प्रतींचा प्रश्न वेगळा होता, पण फॉक्सचे खरे दुखणे ते नव्हते.

म्हणजे डिश जिंकले का? आजही पुष्कळजण हे प्रकरण इथेच संपवतात. माझ्या मते निर्णायक गोष्ट त्यानंतर घडली, आणि ती समजायला जाहिरातीचे पैसे कसे मोजतात ते माहीत हवे. २००७ पासून नील्सन ही मोजणी संस्था 'सी-३' हा आकडा देते : ब्रेकची मिनिटे प्रसारणाच्या वेळी किंवा त्यानंतर ३ दिवसांत रेकॉर्डिंगवरून किती जणांनी साध्या वेगाने पाहिली. पुढे पळवलेली जाहिरात यात मोजली जात नाही. चौथ्या दिवशी कोणी ती डोळे लावून पाहिली, तरी या आकड्यात नेटवर्कला एक पैसाही मिळत नाही. पुढे ७ दिवसांचा 'सी-७' आकडाही वापरात आला.

आता करार पाहा. नेटवर्कची वाहिनी दाखवायला डिशला ठरावीक मुदतीने करार करावा लागतो. मार्च २०१४ मध्ये डिस्नेशी करार झाला : एबीसीच्या कार्यक्रमांवर ऑटोहॉप प्रसारणानंतर ३ दिवस बंद. बदल्यात डिशला डिस्नेच्या वाहिन्या इंटरनेटवरून दाखवण्याचा हक्क मिळाला. डिसेंबर २०१४ मध्ये सीबीएसशी बोलणी ताणली, काही शहरांत सीबीएसची केंद्रे काही तास डिशवरून गायब झाली आणि अखेर ठरले ७ दिवस. फेब्रुवारी २०१६ मध्ये फॉक्सनेही ७ दिवसांवर तडजोड केली. तीन आणि सात हे आकडे कुठून आले ते आता तुमच्या लक्षात आले असेल. यंत्र वैध राहिले, पण जाहिरात वगळता येऊ लागली ती तिचे मोल संपल्यावरच.

बाकीची उत्तरे थोडक्यात. नेटवर्कनी हॉपरच्या जाहिराती नाकारल्या. मागणीनुसार दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत जाहिरातीपुरते पुढे पळवण्याचे बटणच बंद केले. वस्तू थेट कथेत ठेवल्या. जाहिरातदारांनीही डोके लढवले. २००६ मध्ये केएफसीने एका जाहिरातीत असा संदेश लपवला, की तो फक्त रेकॉर्डिंग हळू चालवल्यावर वाचता येई. एबीसीने ती जाहिरात दाखवायला नकार दिला!

स्वाध्याय : भारतात जाहिरातीचा वेळ १० सेकंदांच्या एककात विकला जातो आणि नियमाने तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. तुमच्या भाषेतल्या एखाद्या वाहिनीचा एक तास पाहा. काळ्या चौकटी येतात का, ब्रेकमध्ये लोगो जातो का, प्रत्येक जाहिरात किती सेकंदांची आहे, याचा तक्ता करा. मग वरच्या तीन कसोट्यांपैकी कोणती टिकते ते ठरवा, आणि क्रिकेटच्या दोन षटकांमधील जाहिरातीला त्यांतली कोणती लावता येईल तेही लिहा.