आकाशगंगेतले काळे डाग

शहरापासून दूर, अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा पाहिला, की त्यात मधूनमधून काळे डाग दिसतात. तिथे तारे नाहीत असे वाटते. खरे तर तिथे वायू आणि धूळ इतकी दाट आहे, की मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडतो. सूर्याच्या आठपटींहून जड तारे अशाच ढगांत जन्मतात.

आत पाहायचे कसे? तापलेले लोखंड लाल दिसते. निवले की लाली जाते, पण जवळ नेलेल्या हाताला धग लागतेच. उणे २५० अंश सेल्सिअसच्या खालची धूळही अशीच अदृश्य लहरी सोडते. त्यांची लांबी मिलिमीटरपेक्षा थोडी कमी. धुळीचे कण त्यापुढे फारच बारीक, म्हणून या लहरी ढगातून सहज बाहेर पडतात.

पृथ्वीवर मात्र हवेतली वाफ त्यांना गिळते. म्हणून चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर दुर्बिणी उभारल्या. तिथल्या १२ मीटरच्या अपेक्स दुर्बिणीने ०.८७ मिलिमीटर लहरींत आकाशगंगेचा पट्टा तपासला. वायू आणि धुळीचे सुमारे १०,००० दाट गोळे सापडले. शेजारच्या आल्मा दुर्बिणीच्या ६६ तबकड्या त्यांचे अंतरंग उलगडतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे: या गोळ्यांच्या आत बहुधा ताऱ्यांची हलकी बीजेच दिसतात, जड क्वचितच. म्हणजे महाकाय तारा जन्मतःच जड नसावा. भोवतालचा वायू लाखभर वर्षे ओढत तो वाढत असावा.